निघायचं वादळ आणि बसायचं वादळ

मुक्काम तुमचीच पडवी,
मुरुडच्या अलीकडची वाडी, ता. दापोली
शुक्रवार, जुम्म्याची नमाज सुटल्यावर

आदरणीय मन्सूरभाई यांस,

समर्थ भागोजी गोरिवले याचा पडवीतल्या बाकड्यावरून सलाम, आणि मोठ्या माणसाला पत्र लिहिताना वाकायचं असतं म्हणून नमस्कारही. दोन्ही धरून घ्यावेत. इकडे आपल्या अम्मी बऱ्या आहेत, बहीण लायबा बरी आहे, बकरी बरी आहे आणि मीही बरा आहे, असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. त्यात खरं किती ते पुढे कळेलच. आपली पाठ कशी आहे? दोरखंड ओढताना धरते असं मागे म्हणाला होतात. (एवढ्यापुरतं 'आपली' म्हटलं. पुढे 'तू' म्हणणार आहे, नाहीतर मला दुसऱ्याच कुणाला लिहितोय असं वाटतं.) पत्रास कारण शेवटी येईल. आधी सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस, आणि बाकीचंच जास्त आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. राग नाही, पण पहिले दोन दिवस मी रेंज शोधत विहिरीच्या कठड्यावर चढत होतो, तेवढं सांगायला हवं होतंस. तुझा चुलतभाऊ अझीम गुरुवारी मुंबईहून विमानाने निघून तुझ्याच जहाजावर चढणार आहे, हे सगळ्या वाडीला माहीत आहे, कारण त्याच्या आईने त्याची नवी बूटजोडी ओट्यावर मांडून ठेवली आहे. त्याच्याबरोबर चाची (तुझ्या अम्मीला मी चाचीच म्हणतो) सुका जवळा पाठवणार होती. अझीम म्हणाला, तिकडच्या विमानतळावर कुत्रे हुंगतात, जवळा सापडला तर मला परत पाठवतील. चाची बोलली, मग बरंच की, एक तरी परत येईल. अझीमची आई दोन दिवस आमच्याकडे फिरकली नाही. शेवटी ठरलं की फक्त पत्र जाईल. कागदाला वास नसतो. (मी लिहिताना मुरमुरे खातोय, तेवढं कुत्र्यांनी समजून घ्यावं.)

आता मुद्दा. खेड स्टेशनजवळ तू फ्लॅट बघितलास, अम्मीने वाडी सोडून तिथे राहायला जावं असं तू म्हणालास, ती नाही बोलली, आणि 'हो म्हणशील तेव्हाच माझा फोन येईल' असं सांगून तू फोन ठेवलास, त्याला आज एकोणीस दिवस झाले. तू दर शुक्रवारी लायबाच्या मोबाईलवर फक्त एक अंगठा पाठवतोस, बाकी कशाला उत्तर नाही. लायबा तो चाचीला दाखवते आणि म्हणते, भाई बरा आहे. पहिल्या शुक्रवारी चाचीने अंगठा बराच वेळ बघितला. दुसऱ्या शुक्रवारी बोलली, अंगठा कुणाचाही असू शकतो.

त्यात टीव्हीवर ते आलं. तुझ्या जहाजाच्या बाजूला, त्या मेक्सिकोच्या आखातात, मोठं वादळ उठलंय असं बातमीवाल्याने सांगितलं आणि गोल फिरणारं पांढरं चित्र दाखवलं. चाची मासे साफ करत होती. सुरी तशीच धरून तिने मला विचारलं, समर्था, आपला मन्सूर हाय तिथलंच हे? आता मला तू जाताना बजावून गेला होतास की अम्मीला घाबरेल असं काही सांगायचं नाही. तू बजावलं नसतंस तर मी खरं सांगितलं असतं आणि पुढचं काहीच झालं नसतं, म्हणून थोडा दोष तुझ्याकडेही येतो. मी म्हटलं, नाय चाची, ते दुसरीकडे. मन्सूरभाई आहे तिथे टोर्नॅडो असतो. ती बोलली, तो काय असतो? मी म्हटलं, लहान असतो. रुंदीला वाडीएवढा, दहा मिनिटं राहतो आणि संपतो. आपल्या शाळेच्या मैदानात उन्हाळ्यात कागद फिरवत जाते ना वावटळ, तिचा मोठा भाऊ. चाचीने अल्लाचे आभार मानले आणि राहिलेले बांगडे साफ केले. मी जे सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. फक्त तो तुझ्याविषयी नव्हता.

(शिकलेल्या माणसांची एक गोष्ट मला कधी कळली नाही. ती खरं सांगतात आणि लोक घाबरतात, आम्ही चुकीचं सांगतो आणि लोक जेवतात. लोटेच्या कंपनीत मी एकवीस दिवस होतो, तिथेही सेफ्टीवाले साहेब रोज सकाळी कुठली टाकी कशी फुटू शकते ते सांगायचे. बाविसाव्या दिवशी मी कंपनीच्या बसमध्ये बसलो तो खेडला उतरलो आणि स्टेशनवर चहा पीत उभा राहिलो, तेव्हा तू मुंबईच्या गाडीतून तीन बॅगा घेऊन उतरलास. एक बॅग दापोलीच्या एसटीपर्यंत नेऊन देतो म्हटलं. एसटीत चढवताना गाडी सुटली. ती बॅग उतरवायला आलो त्याला चौदा महिने झाले. हे इथे कशाला आलं ते विसरलो.)

तर शनिवारी लायबा दापोलीहून कॉलेजचं आटपून आली. ती सायन्सला असल्यामुळे घरात तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. चाचीने आनंदाने तिला सांगितलं की भाईकडे फक्त टोर्नॅडो आहे. लायबाने माझ्याकडे बघितलं. मी बकरीकडे बघितलं. मग तिने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. मन्सूरभाई, मी तो आधी बघितला नव्हता, शप्पथ. ढगातून एक सोंड खाली येते. ती एका रस्त्यावरून जाते, आणि त्या रस्त्यावरचा ट्रक, आपल्या चिऱ्याच्या ट्रकएवढा, उचलून शेतात ठेवते. शेजारच्या घरातला कपडे वाळत घातलेला दोर तसाच राहतो. चाचीने तो व्हिडिओ एकदाच बघितला. मग विचारलं, हे येणार ते किती आधी सांगतात? लायबा बोलली, पाच, दहा, फार तर पंधरा मिनिटं. चाची आत गेली आणि तिने मुसल्ला अंथरला, वेळ नमाजची नव्हती.

लायबाने मला परसात नेऊन जे काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. थोडक्यात, मी अडाणी आहे, आणि टोर्नॅडो ढगातून होतो, वावटळ तापलेल्या जमिनीतून उठते, त्यांचा भाऊबंदकीचा संबंध नाही. मी म्हटलं, मग हरिकेन म्हणजे काय ते तरी सांग. ती म्हणाली, आपलं चक्रीवादळ तेच हरिकेन. आपल्याकडे चक्रीवादळ, तिकडे हरिकेन, चीन-जपानच्या बाजूला टायफून. हे मला पटलं. माझ्या बापाच्या बहिणीला मी आत्या म्हणतो, तू फुफी म्हणतोस, चिडली की दोघींचा आवाज सारखाच.

मग मी जे शिकलो ते चाचीला नीट समजावून सांगायचं ठरवलं. इथे माझा हेतू चांगला होता हे लक्षात ठेव. सकाळी सांदणाचं पीठ मोठ्या टोपात फुगत होतं. (अझीमच्या आईला मनवायला सांदणं जाणार होती.) मी रवी घेतली, चाचीला आणि लायबाला समोर बसवलं, आणि पीठ घुसळून दाखवलं. म्हटलं, हे बघ चाची, हे हरिकेन. समुद्राचं पाणी तापतं, वाफ वर चढते, भोवतालची हवा आत ओढली जाते आणि सगळं गोल फिरायला लागतं. टोर्नॅडोही असाच गोल फिरतो, आपल्या बाजूच्या अर्ध्या पृथ्वीवर दोघेही बहुतेक घड्याळाच्या उलटे. इथपर्यंत दोघे एकाच घरातले. पण हरिकेनचा पसारा इथून पार गोव्यापर्यंत असू शकतो आणि टोर्नॅडो वाडीत मावतो. हरिकेन आठवडाभर चालतो, टोर्नॅडो चहा उकळेपर्यंत. हरिकेन समुद्रावर पोसतो आणि जमिनीवर चढला की उपाशी मरतो, टोर्नॅडो बहुतेक जमिनीवरच जन्मतो आणि तिथेच मरतो. जोर बघितला तर कधीकधी धाकटाच थोरल्यापेक्षा जास्त. आणि सगळ्यात मोठा फरक बारशाचा. हरिकेनचं नाव तो दूर असतानाच ठेवतात, मग तो येतो. टोर्नॅडोचं बारसं करायला वेळच मिळत नाही. चाची बोलली, नाव ठेवलेला बरा, निदान हाक तरी मारता येते.

तिला पटत चाललंय असं बघून मला जोर चढला. फळीवरचं एक लिंबू घेऊन मी पिठात टाकलं आणि म्हटलं, हे मन्सूरभाईचं जहाज. ह्यांना पाच दिवस आधी कळतं. कप्तान आधीच वळसा घालून कडेने काढतो. हे दाखवायला मी रवी जोरात फिरवली. सांदणाचं पीठ मूळचं फुगलेलं असतं, ते टोपाच्या काठावर चढलं, बाहेर आलं, चुलीवर गेलं, लायबाच्या प्रॅक्टिकलच्या वहीवर गेलं. आणि लिंबू कडेने जायचं सोडून थेट मधोमध, त्या खोलगट भागात जाऊन, एका जागी गरगरत राहिलं. मग चाचीने हात घालून लिंबू काढलं. धुतलं, ओढणीने पुसलं आणि कुराण ठेवतो त्या फळीच्या खालच्या फळीवर ठेवलं. ते अजून तिथे आहे. लायबाने दुसऱ्या दिवशी ते माशाला लावायला घेतलं तेव्हा चाची तिला जे बोलली, तसं मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून चाचीचे प्रश्न सुरू झाले. प्रश्न एकच होता, पण ती तो वेगवेगळ्या वेळी विचारायची. लायबाने मोबाईलवर वाचून सांगितलं होतं की हरिकेन येणार असेल तर किनारा सोडून लवकर निघून जायचं, आणि टोर्नॅडो आला तर निघायचं नाही, घरातल्या सगळ्यात आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत खाली बसायचं. चाचीने दोघांची परदेशी नावं सोडून दिली आणि आपली ठेवली. एक निघायचं वादळ, एक बसायचं वादळ. मग ती भाकरी थापताना विचारायची, समर्था, मन्सूरकडे आहे ते निघायचं की बसायचं? मी म्हणायचो, निघायचं. मग बकरी बांधताना, आणि निघायचं वादळ किनाऱ्याला लागलं की त्याच्या पोटातून बसायची निघतात असं लायबा बोलते, ते खरं? मी म्हणायचो, खरं, पण किनाऱ्यावर, जहाजावर नाही. मग पाणी भरताना, आणि जहाजावर बसायचंच झालं तर आतली खोली कुठली? मी म्हटलं, इंजिनरूम असेल, सगळ्यात खाली. ती कळशी ठेवून उभी राहिली. बोलली, तो डेकवाला. इंजिनवाले त्याला आत घेतील? भाऊ, मला जहाजातलं काही माहीत नाही, पण ह्या प्रश्नाचं उत्तर तू तिला दे.

मी आणखी एक चूक केली, ती सांगून टाकतो. जहाज कुठे आहे ते दाखवणारं एक ॲप मी मोबाईलवर घेतलं. त्यावर तुझं जहाज हिरव्या ठिपक्याएवढं दिसायचं. चाचीला ते आवडलं. ती दर तासाला विचारायची, हलला का? सोमवारी हलला. मंगळवारी हलला. बुधवारी ठिपका थांबला आणि थांबूनच राहिला. नंतर कळलं की ते फुकटचं ॲप आहे, जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की जुनीच जागा दाखवत बसतं. पण ते कळेपर्यंत चाचीने मला विचारलं होतं की थांबलाय म्हणजे काय, आणि मी, लिंबू आठवून, सांगून बसलो होतो की हरिकेनच्या मधोमध एक डोळा असतो, तिथे वारा नसतो, ऊनसुद्धा पडतं. मला वाटलं की ही दिलासा देणारी गोष्ट आहे. चाचीने ओढणी तोंडाला लावली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेतला. लायबाने आधीचाच अंगठा पुन्हा दाखवला तर तिने मान फिरवली.

मला दुसऱ्याचं दुःख बघवत नाही, अशा वेळी मी बहुतेक गाव बदलतो. ह्या वेळी बॅग भरलीही होती. पण बॅग तुझीच आहे, म्हणून थांबलो. मग मला सुचलं की चाचीला सड्यावर, वाडीच्या वरच्या कातळाच्या माळावर, नेऊन एक वावटळ दाखवावी. लायबा काही म्हणो, नातं असो नसो, वावटळ किती अरुंद असते आणि बाजूच्या माणसाला न शिवता कशी निघून जाते, हे तिने डोळ्यांनी बघितलं तर तिचं मन शांत होईल. ऑक्टोबरात दुपारी सड्यावरचा कातळ असा तापतो की चपलेतून पाय भाजतात, तेव्हा वावटळी उठतातच. चाची येणार नाही असं वाटलं होतं. ती छत्री घेऊन माझ्या आधी दारात उभी होती.

तीन दुपारी आम्ही सड्यावर बसलो. डबा घेऊन. गुरं चारायला आलेला सखाराम रोज विचारायचा, काय बघताय? चाची बोलायची, वारा. दुसऱ्या दिवशी तो बोलला, आज येणार नाय, काल रत्नागिरीकडे गेला. तिसऱ्या दिवशी तोही बाजूला येऊन बसला. चौथ्या दिवशी एकदाची आली. लांबून वाळलेलं गवत फिरताना दिसलं, मग लाल धूळ, मग माणसाएवढी उंच होऊन ती सरळ आमच्याकडे आली. मी चाचीला म्हटलं, बघ आता, बाजूने जाईल. ती माझ्या अंगावरून गेली. माझी टोपी गेली, डब्याचं झाकण गेलं, डोळ्यांत माती गेली. दोन हातांवर चाची उघडी छत्री घेऊन बसली होती, तिची छत्रीसुद्धा हलली नाही. सखाराम खूप हसला आणि टोपी शोधायला उतारावर गेला.

वावटळ गेल्यावर सड्यावर एकदम शांत झालं. एक पानही हलत नव्हतं. मी डोळे चोळत म्हटलं, संपलं बघ चाची. ती बोलली, असं बोलू नको. आणि मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच क्रमाने लिहितो, त्यात माझं काही घालत नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या जूनमधलं आपल्याकडचं वादळ. तू तेव्हा जहाजावर होतास, विमानं बंद होती, तुला अब्बांच्या मातीलाही येता आलं नाही. तुला सांगितलं की माड पडला आणि अब्बा त्याच्याखाली आले. ते खरंच आहे. पण आदल्या दिवशी सरकारी माणूस सांगून गेला होता की सगळ्यांनी शाळेत जा, आणि अब्बा निघायला तयार होते. चाची नाही बोलली. माझं घर मी सोडणार नाय, बोलली. सकाळपासून वारा एका बाजूने आला. कौलं गेली, पोफळी एका रांगेत समुद्राकडे पाठ करून आडव्या झाल्या. ही दोघं आणि तेव्हा शाळकरी असलेली लायबा आतल्या खोलीत तांदळाच्या कणगीमागे बसली होती. मग सगळं थांबलं. वारा नाही, पाऊस नाही, वरती उजेड आला. बकरी बाहेर ओरडत होती. चाची अब्बांना बोलली, संपलं वाटतं, जरा बकरी बघून या.

ते बघायला गेले. पंधरा मिनिटांनी वारा दुसऱ्या बाजूने आला.

चाची बोलली, त्याला डोळा म्हणतात हे तू मला त्या बुधवारी सांगितलंस. मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं असतं की थांबलं म्हणजे अर्धंच झालं. मग ती बोलली, मी निघायच्या वेळी बसायला लावलं आणि बसायच्या वेळी बाहेर पाठवलं. आता मन्सूर बोलतो खेडला चल. त्याला काय सांगू? घर सोडलं तर ज्यांना मी सोडू दिलं नाय त्यांना काय वाटेल, आणि नाय सोडलं तर ह्याला. म्हणून मी नाय बोलले आणि तो गप्प झाला. मला त्याच्या वादळाचं भय नाय रे. मला तो गप्प आहे त्याचं भय आहे.

मी उठून डब्याचं झाकण शोधून आणलं. सखाराम टोपी घेऊन आला. आम्ही खाली उतरलो. वाटेत चाची एवढंच बोलली की हे मन्सूरला कळवायचं नाय.

तर असं आहे. जहाजावर सांभाळून राहा. पाठीला चाचीने सांगितलेलं खोबरेल लाव. अझीम पहिल्यांदाच चढतोय, त्याला इंजिनवाल्यांशी ओळख करून दे, म्हणजे वेळ आली तर तुम्हा दोघांनाही आत घेतील. मोठ्यांना सलाम, कप्तान वयाने मोठा असेल तर त्यालाही.

तुझा,
समर्थ

ता. क. पत्रास कारण. चाचीला फोन कर. माफी मागू नकोस, फ्लॅटचं नाव काढू नकोस, वादळाचंही नको. सांदणं कशी झाली होती विचार. ती सांगेल, समर्थाने सांडून टाकली. मग ती हसेल. मग थोडी गप्प होईल. तेव्हा फोन ठेवू नकोस.

ता. क. दुसरा. तू घाबरून फ्लॅट बघायला लागलास तो मी पाठवलेल्या फोटोमुळे. त्यात मागचा माड घरावर पार कलला आहे आणि खाली मी 'कधीही पडेल' असं लिहिलं होतं. तो फोटो मी त्याच माडाला बांधलेल्या झुल्यात आडवा पडून काढला होता. माड सरळ आहे. मी कललो होतो. हे मी एकोणीस दिवस सांगायचा प्रयत्न करत होतो, पण तू ब्लॉक केलंस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला चाचीकडे भाताची शितं मागायला गेलो. तिने विचारलं, सगळं लिहिलंस ना? मी म्हटलं, सगळं म्हणजे? ती बोलली, सड्यावरचं. मी खाली बघितलं. म्हटलं, चाची, तू नको बोलली होतीस. तिने शितं माझ्या बोटावर ठेवली आणि बोलली, लायबाला सांगितलं असतं तर ते तिच्या पोटात राहिलं असतं. तुझ्या पोटात काय राहत नाय, म्हणून तुला सांगितलं.

ता. क. चौथा, आणि आता जागा संपली. शितं लावताना तिने विचारलं की माझ्या घरी, आमच्या गावी, शेवटचा फोन कधी केला होता. मी लोटे सोडल्याचं कळल्यावर बाबांनी एकच वाक्य बोलून फोन ठेवला होता, तेव्हापासून तिकडून काही नाही. मी म्हटलं, चौदा महिने एकदम शांत आहे चाची, सगळं संपलं. ती उठली. आत जाऊन लायबाचा मोबाईल घेऊन आली आणि बाकड्यावर, माझ्या बाजूला बसली. मी नंबर विसरलो म्हणून सांगितलं. तिने माझ्या लोटेच्या पासच्या मागे बाबांनी लिहिलेला नंबर काढला. (पास तुझ्याच बॅगेत होता.) आता तिने तो लावला आहे. हे मी डाव्या हाताने पाकीट धरून लिहितोय. रिंग जातेय.